दोन मिनिटांचा नियम

रात्रीचे साडेनऊ, आणि खिडकीत अजून ऊन.
डिसेंबरात पुंता अरेनासचं हे असंच,
सूर्याला घरी जायची घाई नसते.
पडद्याला चार टाचण्या मारल्या तरी
कॅमेऱ्यात माझा अर्धा चेहरा जळका दिसतो.
दांको म्हणतो, असू दे ताई,
निदान अर्धी तरी उजळलीस.

एकशे चौऱ्याऐंशी माणसं जमलीत.
नमनाला घडाभर तेल नको
म्हणून तीनच ओळी लिहून आणल्या होत्या,
त्या पहिल्याच शिंकेत विसरले.
तर मंडळी, नाताळची सोडत.
खेळाचे सात कोड.
मावशीने विणलेल्या दोन कानटोप्या,
एक कान लांब, तो मुद्दाम, असं मावशी म्हणते.
कालाफातेच्या मुरंब्याची बरणी.
आणि शेवटी हेडफोन, कोरा, खोक्यातला,
ज्याच्यासाठी मी पोर्वेनीरच्या फेरीबोटीची
तिकिटं विकली
नोव्हेंबरातले चारही रविवार.

चाक फिरतं.
चाक म्हणजे दांकोचा प्रोग्राम,
टकटक मात्र खरी,
सायकलच्या आऱ्यांत पत्ता अडकवून
त्याने अंगणात रेकॉर्ड केलेली.
पहिली टोपी 'झोपाळू लांडग्या'ला,
बाल्दीवियात तो पोरांना गणित शिकवतो.
दुसरी 'तुटक्या वल्ह्या'ला. ती राहते इकीकेला,
वाळवंटाच्या दारात,
तरी तिने अठ्ठावीस लाल बदाम पाठवले.
मुरंबा दांकोलाच लागला.
एवढा गलका झाला की पुन्हा फिरवावं लागलं.

मग हेडफोन.
टकटकटक टक टक
टक.
'आठवा खलाशी'.

नियम माझाच.
दोन मिनिटांत हजेरी, नाहीतर पुन्हा चाक.
घड्याळ लावलं,
आणि घोडं तिथंच अडलं:
एकशे वीस सेकंद बोलायचं काय?

कॅमेरा उचलून खिडकीशी नेला.
ती बघा काळी रेघ, तिएर्रा देल फ्वेगो.
मधलं पाणी पांढरं, कारण वारा.
आज चौकात दोर बांधलेत,
माणसं धरून धरून वळण घेतात.
पाववाल्या एर्मिंदाबाई आत्ताच गेल्या,
एक हात दोरावर, एक केकवर.

नव्वद सेकंद.
आठव्या खलाशाबद्दल मला ठाऊक एवढंच:
दोन वर्षांत एकदाही कप्तान झाला नाही.
रात्री दुसऱ्यांची शिडं शिवतो,
नवख्यांसाठी धक्क्यावर लाकूड ठेवून जातो.
एकदा पहाटे तीनला त्याने विचारलं,
तिकडे पाऊस आहे का?
मी म्हटलं, नुसता वारा.
तो म्हणाला, मग ठीक.

चाळीस.
कुणी लिहिलं, तो मासेमारीच्या बोटीवर असतो,
बेटं ओलांडली की रेंज जाते.
कुणी, छे, तो नर्स आहे, रात्रपाळीचा.
कुणी, मला वाटतं तो माझा मामा आहे.
ज्याचा त्याचा आठवा खलाशी.

दहा.
जे मघापासून 'फिरव फिरव' लिहीत होते
तेच आता त्याला हाका मारायला लागले,
बंद दारावर थाप मारावी तसे,
नावामागून नाव, पडदाभर एकच नाव.

शून्य.
दांकोचं बोट बटणावर.
नियम तुझा, तो म्हणाला.

मी म्हटलं, घड्याळ पुढे आहे.

एकशे चौऱ्याऐंशी साक्षीदारांसमोर बोललेली थाप.
एक जण 'नियम तो नियम' लिहून निघून गेला.
एकशे त्र्याऐंशी थांबले.
ऊन तेवढं मावळलं, दहा वाजून गेल्यावर.

आज सत्तावीस तारीख.
खोकं तिकीटखिडकीत आहे, माझ्या पायाशी,
पत्त्याच्या जागी कोरा कागद चिकटवलेला.
सुटे पैसे परत देताना हल्ली
मी लोकांचे कान बघते.